तीन रात्रींचा प्रवासी

बदलापूरच्या धर्मशाळेला ‘ऐतिहासिक’ हा शब्द पहिल्यांदा मी लावला. हे आधीच सांगितलेले बरे. पुढे ती इमारत सक्तीने विकत घेण्याचे जे प्रकरण झाले, त्याच्या फायलीत इतिहासाचा पुरावा म्हणून एकच कागद होता, आणि तो माझ्या बातमीचे कात्रण होता.

पन्नास सालानंतरची गोष्ट. मी अंबरनाथला स्टेशनच्या पश्चिमेला राहत होतो आणि मुंबईच्या एका दैनिकाला कल्याण तालुक्याच्या बातम्या पाठवत होतो. कारखान्यातला अपघात, निर्वासितांच्या छावणीत नळावरून झालेली भांडणे, आणि कोणाच्या तरी हस्ते कशाचे तरी उद्घाटन, एवढाच माल असे. उद्घाटने दरवर्षी वाढत होती. लष्कराने सोडलेल्या बराकींना लोक उल्हासनगर म्हणू लागले होते आणि तिथे सारख्या कोनशिला बसत होत्या. अंबरनाथला नवे कारखाने येत होते. बदलापूरला भात होते, नदी होती, आणि कोनशिला एकही नव्हती.

याची खंत सरपंचांना होती. ते भाताच्या गिरणीचे मालक, पन्नाशीचे, बोलायला मोकळे. गाव त्यांना अण्णा म्हणे. महिन्यातून एकदोनदा मी त्यांच्या गिरणीत चहाला बसत असे. अशाच एका दुपारी ते म्हणाले, “अंबरनाथला हजार वर्षांचं देऊळ आहे. छावणीवाल्यांना सरकारनं अख्खं शहर दिलं. आमच्याकडं पाहुणा आला तर मी त्याला काय, कोंडा दाखवू?”

दुसऱ्या चहानंतर त्यांना आठवले की, गावाबाहेर घाटाकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर जी धर्मशाळा आहे, तिथे मराठेशाहीतला एक सरदार कल्याणला जाताना घोड्यांसह उतरला होता. कोणता सरदार, असे मी विचारले. सरदार म्हणजे सरदार, त्या वेळी काय पेपरवाले होते नाव लिहून घ्यायला, असे त्यांचे म्हणणे पडले.

पेपरवाला आता होता, म्हणून मी लिहून घेतले. ‘मराठेशाहीतील सरदारांच्या वास्तव्याने पावन झालेली ऐतिहासिक धर्मशाळा पडीक’ अशी बातमी पाचव्या पानावर, केसांच्या तेलाच्या जाहिरातीखाली आली. एका सरदाराचे सरदार कसे झाले, ते मला सांगता येणार नाही. जागा भरायची असली की माणसे वाढतात. पंधरा दिवसांनी पंचायतीने ठराव केला की, ज्या अर्थी सदर इमारतीचे ऐतिहासिक महत्त्व वृत्तपत्रांतूनही मान्य झाले आहे, त्या अर्थी ती सरकारमार्फत सक्तीने खरेदी करून तिथे पंचायतीचे सभागृह व वाचनालय करावे. पुढच्या भेटीत मी अण्णांना सरदाराबद्दल आणखी काही कागद आहे का, असे विचारले. त्यांनी तिजोरी उघडून मला माझे कात्रण दाखवले.

कोनशिला मात्र ठरावाच्याही आधी तयार झाली होती. अण्णांचे व्याही दगडाच्या खाणीवर होते. त्यांनी ती घडवून, अक्षरे कोरून पाठवली होती. ती अण्णांच्या मागच्या अंगणात विहिरीपाशी उपडी ठेवलेली असे. घरातल्या बायका तिच्या पाठीवर कपडे धूत. एवढा सपाट दगड गावात दुसरा नव्हता.

इमारत साधी होती. काळ्या दगडाचा उंच ओटा, आत ओळीने चार खोल्या, वर कौले, मागे विहीर आणि भाताचा एक लहान तुकडा. बांधणारा मुंबईचा एक शेट. त्याच्या वारसांनी तीसेक वर्षांत तोंड दाखवले नव्हते. खरेदीची पहिली नोटीस गेली तेव्हा त्यांनी ताबडतोब आमची हरकत नाही असे कळवले. अशी इमारत आपल्या मालकीची आहे हे त्यांना त्या नोटिशीनेच कळले असावे.

राखणीला एक कुणबी बाई होत्या. नवरा राखणदार होता, तो वारल्यावर काम त्यांच्याकडे आले. सगळे त्यांना मावशी म्हणत. मागच्या तुकड्यातला भात त्यांचा, आणि त्या बदल्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी द्यायचे, खोल्या सारवायच्या आणि नियम पाळायला लावायचा. नियम एकच होता. दाराशी लाकडी फळीवर लिहिले होते की, प्रवाशाने तीन रात्रींपेक्षा अधिक मुक्काम करू नये. मावशींना वाचता येत नव्हते, पण फळीवर काय आहे हे त्यांना फळी रंगवणाऱ्यापेक्षा चांगले माहीत होते. खोलीत एक जाड रजिस्टर असे. त्यात आगमन आणि प्रस्थान असे दोन रकाने. प्रवाशाने आल्यावर एकात लिहायचे, जाताना दुसऱ्यात. मावशी पान समोर धरून दोन्ही खणांत शाई आहे की नाही एवढे पाहत. शाई एकाच खणात असेल तर माणूस अजून आत आहे, असा त्यांचा हिशेब.

त्या रजिस्टरात कित्येक वर्षे एकाच माणसाची सही होती.

तो सिंधी शिंपी होता. फाळणीनंतर छावणीत आला. कॅम्प नंबर तीनमध्ये त्याच्या भावाला बराकीतली एक खोली मिळाली होती, तिचे गोणपाटाच्या पडद्यांनी भाग पाडलेले. भाऊ, भावजय, त्यांची सहा मुले आणि भावजयीची आई तिथे राहत. शिंप्याला त्यात झोपायला जागा होती, मशीन ठेवायला नव्हती. शिवलेले कपडे विकत तो एकदा बदलापूरला आला आणि उशीर झाला म्हणून धर्मशाळेत उतरला. मावशींनी फळी दाखवून तीन बोटे वर केली. चौथ्या दिवशी सकाळी त्याने वळकटी बांधली, हाताने फिरवायचे मशीन डोक्यावर घेतले आणि गाडीने छावणीत भावाकडे गेला. पाचव्या दिवशी तो परत आला. परत येऊ नये असे फळीवर कुठे लिहिले नव्हते. मावशींनी रजिस्टर पुढे केले.

तेव्हापासून तीन रात्री बदलापूर आणि एक रात्र छावणी असे चालले. पाऊस असो, ताप असो, मावशींनी त्याला चौथी रात्र कधी काढू दिली नाही आणि त्यानेही कधी मागितली नाही. गाव त्याला मास्तर म्हणे. शाळेचे गणवेश, पंचांचे सदरे, पाड्यांवरून येणाऱ्या ठाकरांच्या बंड्या, सगळे तोच शिवी. दुसरीकडे भाड्याने जागा घे, असे मी त्याला एकदा सुचवले होते. त्याने हसून सांगितले की जागा दोनतीन ठिकाणी विचारली. कोणी म्हणाले मासळी शिजवाल, कोणी म्हणाले आज एक आलात, उद्या छावणी येईल. धर्मशाळेने यातले काही विचारले नव्हते. मशीन ठेवायला त्याला एवढी एकच जागा होती, आणि आता पंचायत ती घेत होती.

खरेदीच्या कामात पंचनामा लागतो. पंचायतीचे चिटणीसपद तलाठ्याकडेच होते. त्याने दोनचार दिवस आधी पाणी पिता पिता मावशींना विचारून घेतले की, मास्तर आता कधी जाणार. मावशींनी बोटांवर मोजून बुधवार सांगितला. पंचनामा बुधवारी ठरला.

मी हजर होतो. मास्तर सकाळच्या गाडीने गेला होता. पाच पंच आले, पाचांच्याही अंगात त्याने शिवलेले सदरे होते. चारही खोल्या पाहून झाल्या. तिसऱ्या खोलीत खुंटीला एक नवा काळा कोट टांगलेला होता. बाह्या नुसत्या टाचलेल्या, पांढरे धागे दिसत होते. तलाठ्याने लिहायला घेतले, “एका खोलीत खुंटीस एक जुने वस्त्र.”

“जुनं कसलं?” अण्णा म्हणाले. “माझा कोट आहे तो. उद्घाटनाचा.”

तलाठ्याने टाक वर धरला. कोट लिहायचा म्हटला तर शिवणारा लिहावा लागेल, हे त्याने हळूच सांगितले. अण्णांनी जरा विचार केला. “वस्त्रच राहू दे,” ते म्हणाले. “पण जुनं काढ.”

मग सगळे ओट्यावर येऊन बसले. तिथे बसायचे असे कोणी ठरवले नाही. तलाठ्याची चावडी गळकी होती आणि शाळेचा पत्रा तापत असे. त्यामुळे बांधाचे तंटे, गुरांची नुकसानी, वारसाच्या नोंदी, गावात जो कागद व्हायचा तो याच ओट्यावर व्हायचा. पंचायतीच्या सभाही इथेच भरत. दगडाला एके ठिकाणी शाईचा जुना डाग होता आणि प्रत्येक तलाठी आपली दौत बरोबर त्याच डागावर ठेवी. मावशींनी घागर आणि तांब्या आणून ठेवला. पंचांनी पाणी पिऊन सह्या केल्या.

मजकूर असा होता की, सदर इमारत पडीक असून गेली कित्येक वर्षे कोणाच्याही वापरात नाही. शेवटी तलाठ्याने हाताच्या सवयीने नेहमीची ओळ लिहिली: ‘हा पंचनामा धर्मशाळेच्या ओट्यावर बसून, सर्वांस वाचून दाखवून लिहिला.’ वाचून दाखवला तेव्हा ती ओळ कोणाला खटकली नाही. मलाही खटकली नाही.

पुढल्या नोटिशीत ज्यांचा हितसंबंध असेल त्यांनी हरकत घ्यावी असे होते. तिची दवंडी ओट्यावरूनच पिटली गेली आणि मास्तर त्या वेळी दवंडीवाल्याचीच बंडी शिवत होता. त्याने छावणीत जाऊन एका अर्ज लिहिणाऱ्याकडून इंग्रजीत हरकत लिहून घेतली. अर्जदार सदर धर्मशाळेचा कायमचा प्रवासी आहे, असे त्यात होते. तलाठ्याने ते मला समजावून सांगितले तेव्हा तो खरोखर त्रासला होता. “कायमचा असेल तर प्रवासी नाही,” तो म्हणाला, “आणि प्रवासी असेल तर कायमचा नाही. ह्याला उत्तर काय लिहू?”

या सगळ्या काळात अण्णांच्या कोटाचे काम थांबले नव्हते. अण्णा आठवड्यातून एकदा ओट्यावर येऊन कोट घालून बघत. मास्तर तोंडात टाचण्या धरून त्यांच्याभोवती फिरे. प्रकरणावर दोघे बोलत नसत असे नाही. अण्णा त्याला समजावत की, यात मनाला लावून घेऊ नको, हे गावाचं काम आहे. मास्तर टाचण्यांमधून म्हणे, “हां साईं, हात जरा वर.”

चौकशीला प्रांतसाहेब स्वतः आले. तरुण, बारीक, कागद बोट ठेवून वाचणारा माणूस. त्यांना खुर्ची शाळेतून आणली आणि ठेवली ओट्यावर. त्यांनी पंचनामा शेवटून वाचायला सुरुवात केली. अशी माणसे कचेरीत फार टिकत नाहीत, पण असतात.

“ही इमारत वापरात नाही,” ते तलाठ्याला म्हणाले, “आणि तुम्ही हिच्याच ओट्यावर बसून लिहिलंत?”

“साहेब, बसलो म्हणजे… तिथंच बसतो.”

“किती वर्षं?”

“माझ्या आधीच्या तलाठ्यापासून.”

प्रांतांनी खुर्ची जरा हलवून खाली पाहिले. दौत डागावर होती.

मग इतिहासाचा विषय निघाला. त्यांनी कात्रण वाचले आणि हे लिहिणारे कोण, असे विचारले. मी पुढे झालो. आधार काय, असे त्यांनी विचारले. मी अण्णांकडे पाहिले. अण्णांनी कात्रणाकडे पाहिले. दाराच्या वर चुन्याचे पुष्कळ थर बसलेला एक दगड होता. प्रांतांच्या शिपायाने तो खरवडला. खाली अक्षरे निघाली. शेटने कैलासवासी पत्नीच्या स्मरणार्थ ही धर्मशाळा आगगाडीने व पायी येणाऱ्या प्रवाशांच्या सोयीसाठी बांधली, असे त्यावर होते. गाडी इकडे आली तेव्हा मराठेशाही बुडून एक पिढी होऊन गेली होती. मग अण्णा म्हणाले की, सरदार अर्थातच आधीच्या धर्मशाळेत उतरला असणार, जी याच जागी होती.

प्रांतांनी रजिस्टर मागवले. पाने उलटली. पानामागून पान उजवीकडून डावीकडे लिहिलेली तीच सिंधी ओळ, तारखा तेवढ्या इंग्रजी आकड्यांत, प्रत्येक आगमनासमोर प्रस्थान, मध्ये तीन रात्री. कचेरीत त्यांना असे बिनचूक रजिस्टर बघायला मिळत नसावे, कारण ते बराच वेळ वाचत राहिले. शेवटच्या ओळीत आगमन होते आणि पुढचा खण रिकामा होता. त्या दिवशी मास्तरची दुसरी रात्र होती.

मावशींना त्यांनी बोलावून घेतले आणि सरळ विचारले, “हा माणूस इथं राहतो का?”

अडचण सगळ्यांच्या लक्षात आली. हो म्हटले तर मास्तरने तीन रात्रींचा नियम मोडला, म्हणजे तो प्रवासी नव्हे, घुसलेला माणूस. नाही म्हटले तर इमारत रिकामी. तलाठ्याचा चेहरा पहिल्यांदा जरा खुलला. मास्तर मशीनच्या चाकावर हात ठेवून उभा होता.

मावशी म्हणाल्या, “ऱ्हात नाय. येतो.”

“किती वर्षं येतो?”

“सात-आठ झाली.”

“म्हणजे राहतोच की.”

“ऱ्हायला असता तर येन्याची शाई कशाला लागली असती, सायेब?”

प्रांतांनी ते तसेच्या तसे लिहून घेतले. रजिस्टर पुरावा म्हणून फायलीला लावले आणि कल्याणला नेले; तेव्हापासून मावशी मास्तरच्या रात्री बोटांवर मोजू लागल्या. महिनाभराने निकाल आला की, इमारत प्रवाशांच्या वापरात आहे, पडीक नाही. तेव्हा मागणीत दिलेले कारण टिकत नाही. मी ‘धर्मशाळा वाचली’ अशी बातमी पाठवली. ऐतिहासिक हा शब्द या वेळी मी मुद्दाम गाळला. छापून आली तेव्हा तो पुन्हा आत होता. मुंबईच्या टेबलावर कोणीतरी जुनी बातमी काढून तपासली होती. मास्तरने गावात मिठाई वाटली. अण्णांनीही ती खाल्ली.

इथेच मला थांबता आले असते, पण निकाल तलाठ्याने माझ्यापेक्षा लक्षपूर्वक वाचला होता. मागणी फेटाळली नव्हती, फक्त तिचे कारण फेटाळले होते. पंचायतीने नवा ठराव केला. प्रवाशांची गैरसोय होऊ नये म्हणून सदर इमारत खरेदी करून ती धर्मशाळा म्हणूनच चालवावी. जी गोष्ट चालू होती ती चालू करण्यासाठी इमारत घ्यायची, याला कोण हरकत घेणार? मास्तरनेही घेतली नाही. त्याला वाटले आपण जिंकलो. आता धर्मशाळेला मालक मिळाला, कौले तरी चाळली जातील. कागद हलले, शेटच्या वारसांनी पुन्हा आमची हरकत नाही असे कळवले, आणि इमारत पंचायतीच्या ताब्यात आली.

मालक झाल्यावर नियम करावे लागतात. तलाठ्याने कुठल्याशा मोठ्या गावच्या विश्रामगृहाचे छापील नियम मिळवले आणि उतरवून काढले. यात वाईट हेतू होता असे मी म्हणणार नाही. त्याला उतरवून काढण्याचीच सवय होती. प्रवासी दहा मैलांपलीकडचा असावा आणि त्याने आपल्या गावच्या पंचायतीचा किंवा पाटलाचा दाखला आणावा, असे दोन नियम त्यात होते. जुनी फळी काढून नवी लावली गेली. मावशींनी शाळेतल्या मुलांकडून वाचून घेऊन नवी फळी पाठ करायचा प्रयत्न केला, पण ती लांब होती.

पाचव्या दिवशी मास्तर नेहमीसारखा मशीन घेऊन आला. ओट्यावर तलाठी बसला होता, समोर नवे छापील रजिस्टर. त्याने मूळ गाव विचारले. मास्तरने सिंधमधले गाव, तालुका, जिल्हा सांगितला. तलाठ्याने लिहिले आणि तिथल्या पंचायतीचा दाखला मागितला.

“दाखला आणायला मी तिकडे गेलो,” मास्तर म्हणाला, “तर परत इकडे कोण येऊ देणार?”

तलाठ्याला हे पटले. त्याने तो पत्ता खोडून सध्याचा पत्ता विचारला. कॅम्प नंबर तीन, भावाची बराक. मग त्याने तालुक्याचा नकाशा ओट्यावर पसरला. मोजायला काही नव्हते, म्हणून मास्तरने आपल्या रिळातला दोरा तोडून दिला. दोरा बदलापूरपासून छावणीपर्यंत धरून तलाठ्याने तो नकाशाच्या प्रमाणाला लावला. एकदा वळणावळणाने, एकदा सरळ. मग एकदा माझ्याकडूनही धरवला. दहा मैल भरत नव्हते.

मास्तर नकाशावर वाकून बघत होता. तो म्हणाला, “एक गाव लांब पडलं, एक जवळ पडलं. मधलं कुठलं सांगू, साईं?”

तलाठ्याने दोरा गुंडाळून त्याला परत दिला. मावशी दारात उभ्या होत्या. या माणसाने तीन रात्रींचा नियम एकदा तरी मोडला का, असे त्यांनी विचारले. तलाठी म्हणाला, नाही. मग हा नवा नियम कुणासाठी? तो म्हणाला, सगळ्यांसाठी.

“सगळे म्हंजे कोन?” मावशी म्हणाल्या. “आजवर तर ह्यो येकच आला.”

मास्तरने मशीन पुन्हा डोक्यावर घेतले. अण्णांचा कोट अजून पुरा व्हायचा होता, तो त्याने घडी करून वळकटीत घातला आणि तसाच संध्याकाळच्या गाडीने परत गेला.

पुढचे वर्षभर बदलापूरची धर्मशाळा नियमाप्रमाणे चालली. मावशी रोज खोल्या सारवत. नव्या रजिस्टरात पहिल्या पानावर मूळ गावाच्या रकान्यात एक खोडलेला पत्ता होता. त्यानंतर काही नाही. दहा मैलांपलीकडून दाखला घेऊन बदलापूरला मुक्कामाला येईल असा माणूस त्या काळात निघाला नाही. वर्षअखेर तपासणी झाली. तपासणी करणाऱ्याने रजिस्टर पाहून शेरा मारला की, इमारत प्रवाशांच्या वापरात दिसत नाही, पंचायतीने तिचा अन्य सार्वजनिक उपयोग करावा. अण्णांनी तो शेरा मला वाचून दाखवला तेव्हा त्यांच्या आवाजात कुठेही विजय नव्हता. त्यांना खरेच वाटत होते की आपण या माणसासाठी वर्षभर प्रयत्न करून पाहिला.

सभागृहासाठी नवा पंचनामा झाला. तेच पाच पंच, तोच तलाठी, मजकूरही जवळजवळ तोच: इमारत पडीक असून कोणाच्याही वापरात नाही. खाली ओट्यावर बसून लिहिल्याची ओळही होती. हरकत घेणारे कोणी नव्हते. अण्णांच्या घरी विहिरीपाशी बायकांनी दुसरा दगड शोधला, आणि कोनशिला उलटी करून घासली गेली. तिच्यावर ऐतिहासिक हा शब्द होता.

उद्घाटनाला चार दिवस राहिले तेव्हा अण्णांना कोट आठवला. तुम्ही अंबरनाथलाच असता, जाता येता छावणीतून तेवढा आणा, असे त्यांनी मला सांगितले. मला नाही म्हणता आले नाही.

कॅम्प तीनमधली ती बराक शोधायला वेळ लागला. मास्तर बाहेर, बराकीच्या लांब व्हरांड्यात, दोन दारांच्या मधल्या भिंतीला टेकून शिवत होता. जाणारा-येणारा प्रत्येक जण त्याचे पाय ओलांडून जाई. शेजारी वळकटी बांधून ठेवलेली होती. कुठे निघालात का, असे मी विचारले. आज चौथा दिवस, असे तो म्हणाला. आतून त्याच्या भावजयीने हिंदीत सांगितले की, हे दर चौथ्या दिवशी असेच बांधतात आणि संध्याकाळी सोडतात. बांधले की तेवढी एक माणसाची जागा मोकळी होते, मुले खेळतात.

कोट पुरा झाला होता. त्याने बाहीच्या टाक्यांवरून बोट फिरवून मला दाखवले, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिला, आणि बटणे वरून लावायला सांगा, खालून नको, असा अण्णांना निरोप दिला. मी उठलो तेव्हा त्याने थांबवले.

“एक काम राहून गेलं,” तो म्हणाला. “मोठे साहेब जुनं रजिस्टर घेऊन गेले, त्या वेळी माझं येणं लिहिलं होतं. जाणं लिहायच्या आत रजिस्टर गेलं. मावशींना सांगा, तेवढं कुणाकडून तरी लिहून घ्या. नाहीतर त्यांना वाटेल नियम मोडला.”

उद्घाटनाच्या दिवशी अण्णांनी कोट घातला होता. अंगाला इतका बेतशीर बसला होता की प्रमुख पाहुण्यांनी मुंबईचा शिंपी का, असे विचारले. अण्णांनी होकाराची मान हलवली. पाहुण्यांनी सरदारावर वीस मिनिटे भाषण केले. मावशी पाणी वाटत होत्या; सभागृह झाडायला आणि घागरी भरायला पंचायतीने त्यांना ठेवून घेतले होते. गर्दी ओसरल्यावर मी त्यांना मास्तरचा निरोप सांगितला. प्रांत कचेरीत माझी ओळख होती. तिथल्या कारकुनाला सांगून ती एक नोंद पुरी करून घेता येईल, असेही सांगितले.

त्यांनी सगळे ऐकून घेतले. तांब्या विसळून घागरीवर उपडा घातला.

“नको,” त्या म्हणाल्या. “ऱ्हाऊ दे तसंच.”

मी ती नोंद पुरी करून घेतली नाही. पुढे एका दुसऱ्या बातमीसाठी कल्याणला गेलो असता कारकुनाने मला ती फाईल काढून दाखवली. वरच माझे कात्रण होते, पिवळे पडलेले. तळाशी रजिस्टर. शेवटच्या पानावर शेवटची ओळ उजवीकडून डावीकडे लिहिलेली, आगमनाच्या खणात शाई, प्रस्थानाचा खण कोरा. मावशींच्या हिशेबाने माणूस अजून आत होता.